भावाच्या सीटसाठी जामीन राहू का?

पत्र:

माझा भाऊ २० वर्षांचा आहे. बारा वर्षांचा असताना बाबांनी त्याला कोल्हापूरला कार्टिंगला नेलं, तिथून हे सुरू झालं. पुढे कोइम्बतूर, चेन्नई. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत आला. गेल्या वर्षी ब्रिटनमधल्या एका कनिष्ठ फॉर्म्युला मालिकेत त्याने पूर्ण मोसम गाडी चालवली. एकदा नववा आला, बाकी वेळा सोळावा, सतरावा, अठरावा. आता टीमने पुढच्या मोसमाच्या सीटसाठी आम्ही भरायचा आकडा कळवला आहे, साधारण साडेतीन कोटी. संक्रांतीपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बाबा शेड तारण ठेवायला निघालेत. फर्ममध्ये मी भागीदार आहे, हिशेबही मीच बघते, म्हणून जामीनदार म्हणून माझी सही बँकेला हवी आहे. गेल्या वर्षी माझ्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली, तेव्हा मी काही बोलले नाही. भाऊ म्हणतो, 'फॉर्म्युला वनच्या हुल्केनबर्गला पहिल्या पोडियमसाठी पंधरा वर्षं लागली, मला एक वर्ष तरी द्या.' गॅसली, अल्बॉन या ड्रायव्हरांना रेड बुल टीमने काढलं तरी ते पुन्हा उभे राहिले, हेही तो सांगतो. बाबांना कर्ज काढून जगज्जेता झालेल्या लाउडाची गोष्ट पाठ झाली आहे. सही नाही केली तर बहिणीने करिअर बुडवलं, असं आयुष्यभर ऐकावं लागेल. काय करू?

– एक बहीण, सोलापूर

उत्तर:

सही करू नका.

उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण संक्रांत जवळ आली आहे आणि कर्ज द्यायच्या वेळी बँकेची माणसं फार गोड बोलतात. आता त्यामागचा विचार सांगते. त्यातला काही भाग तुमच्या भावाला आवडणार नाही, थोडा तुम्हालाही नाही.

हुल्केनबर्गपासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरात त्याचंच पारडं सगळ्यात जड झालेलं दिसतं. ६ जुलै २०२५, सिल्व्हरस्टोन. पावसातली शर्यत. हा एकोणिसाव्या जागेवरून निघाला आणि सॉबरच्या गाडीत तिसरा आला. फॉर्म्युला वनमधली त्याची ती २३९ वी शर्यत. ज्याला या खेळाचं वेड आहे त्याचा गळा त्या दिवशी दाटून आला असणारच. पण तुमचा भाऊ ही गोष्ट मधूनच सांगायला लागतो. सुरुवात अशी आहे: २००८ मध्ये युरोपातली फॉर्म्युला ३ मालिका जिंकली, २००९ मध्ये पहिल्याच प्रयत्नात जीपी२ चा (आताच्या फॉर्म्युला २ चा) विजेता झाला, आणि २०१० मध्ये फॉर्म्युला वनच्या पहिल्याच मोसमात विल्यम्सच्या गाडीतून ब्राझीलला पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा घेतली. पोडियम हुलकावण्या देत होता त्याच काळात, २०१५ मध्ये, पोर्शने त्याला ले मान्ससाठी घेतलं आणि २४ तासांची ती शर्यत तो जिंकून आला. २०१९ नंतर त्याची सीट गेली, दोन-तीन वर्षं अधूनमधून कोणाच्या तरी बदली गाडी चालवली, आणि २०२३ मध्ये हासने त्याला परत बोलावलं. त्याच्याकडे पोडियम नव्हता, पण काम होतं. आणि त्या कामाचा पगार टीम देत होत्या.

गॅसली आणि अल्बॉनचंही तेच. २०१९ मध्ये १२ शर्यतींनंतर गॅसलीला रेड बुलमधून उतरवलं हे खरं, पण उतरवलं ते त्याच मालकाच्या दुसऱ्या टीममध्ये. पुढच्या वर्षी तिथूनच तो मोंझाची शर्यत जिंकला. अल्बॉनची सीट २०२० च्या शेवटी गेली. २०२१ मध्ये तो रेड बुलचाच रिझर्व्ह ड्रायव्हर होता, जोडीला जर्मनीच्या डीटीएम मालिकेत गाडी चालवत होता, आणि २०२२ मध्ये विल्यम्समध्ये आला. दोघांच्याही डोक्यावर छप्पर होतं आणि त्याचं भाडं तिसराच कोणी भरत होता.

धडपड दोन तऱ्हेची असते आणि तुमच्या घरात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. वरच्या पातळीवर टीम ड्रायव्हरवर पैसा लावते, आणि तो वसूल होत नाही असं दिसलं की वैतागते. खालच्या पातळीवर घर ड्रायव्हरवर पैसा लावतं, आणि टीमची वसुली करारावर सही होते तिथूनच सुरू होते, पोरगा पहिला येवो की अठरावा. त्यामुळे 'दुसऱ्या वर्षी हा नक्की पुढे येईल' असं टीम मॅनेजर सांगतो तेव्हा ते खोटं असेलच असं नाही, पण ते सीट विकणाऱ्याचं वाक्य आहे. तुम्ही स्वतः टॉवेल विकता, त्यामुळे यावर मी जास्त बोलायची गरज नाही.

भाऊ ज्याचं नाव घेत नाही त्या ड्रायव्हरकडे बघा: निक डी व्रीस. २०१९ चा फॉर्म्युला २ विजेता, नंतर विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई चाही विजेता. २०२२ मध्ये मोंझाला अल्बॉन अपेंडिक्समुळे आजारी पडला, ऐनवेळी हा विल्यम्समध्ये बसला आणि नववा आला. त्या एका दुपारच्या जोरावर त्याला २०२३ साठी अल्फाटौरीची सीट मिळाली. तिथे १० शर्यती झाल्या, गुण शून्य, आणि मोसम अर्ध्यावर असताना त्याच्या जागी रिकार्डो बसला. २०२५ मध्ये लियाम लॉसनला तर रेड बुलने दोनच शर्यती दिल्या. ही मुलं हळू गाडी चालवतात असं कोणी म्हणणार नाही. मग त्यांना कशावर तोललं? टीममेटवर. या खेळात गाड्या सारख्या नसतात, पण एका टीमच्या दोन गाड्या पुष्कळशा सारख्या असतात, म्हणून टीममेट हीच पहिली फूटपट्टी. एकाच सुताचा, एकाच मागावरचा माल असेल तरच दोन विणकरांची तुलना होते, तसंच हे.

तेव्हा 'सोळावा, सतरावा, अठरावा' हे आकडे बाजूला ठेवा. त्यावरून मुलगा चांगला की वाईट यातलं काहीच ठरत नाही. मालिकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीच्या क्वालिफाइंगच्या (शर्यतीआधी जागा ठरवणाऱ्या सत्राच्या) वेळा असतात. त्या काढा आणि भावाच्या सर्वोत्तम लॅपसमोर त्याच्या टीममेटची सर्वोत्तम लॅप मांडा. फरक सेकंदांत न लिहिता टक्क्यांत काढा, कारण ब्रँड्स हॅच आखूड आहे आणि सिल्व्हरस्टोन जवळजवळ सहा किलोमीटरचा. पावसातली सत्रं वगळा, गाडी बिघडली किंवा लाल बावटा आला ती वगळा. टॅलीत रोज बसणाऱ्या माणसाला हा डाव्या हाताचा मळ आहे. हा तक्ता तयार झाला की या खेळातलं तुम्हाला बाबांपेक्षा जास्त कळलेलं असेल.

तक्त्यात बघायचं एवढंच की मोसमाच्या सुरुवातीचा फरक शेवटी कमी झाला का. तो एक टक्क्यावरून पाव टक्क्यावर आला असेल तर पोरगा शिकतोय. त्याला तिथले ट्रॅक नवे होते, थंडीत टायर तापवणं नवं होतं. कोइम्बतूरच्या उन्हात वाढलेल्याला तो भाग अवघड जाणारच. पण टीममेट पहिल्या पाचांत फिरतोय आणि फरक मात्र वर्षभर अर्ध्या टक्क्याच्या वरच राहिला, त्यातही ज्या ट्रॅकवर दुसऱ्यांदा गेले तिथेसुद्धा घटला नाही, तर तो फरक साडेतीन कोटींनी भरून निघणारा नाही. अर्ध्या टक्क्याची ही रेघ मी मारलेली आहे, कुठल्या नियमातली नाही. वाटल्यास तुम्ही ती थोडी पुढे-मागे सरकवा, पण तक्ता बघण्याआधी. बघितल्यावर सरकवलीत तर तिला काही अर्थ उरणार नाही.

साडेतीन कोटींवर टीमचा खर्च संपत नाही, हेही लक्षात घ्या. करारात मोडतोडीचं कलम शोधा. कनिष्ठ मालिकांत गाडी ठोकली की दुरुस्तीचं बिल बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या घरी येतं, आणि मधल्या गर्दीत गाडी चालवणाऱ्याला ठोकर जास्त बसते. जादा टेस्टिंग, सिम्युलेटरचे दिवस, राहणं, व्हिसा हे आणखी वेगळं. शिवाय पैसा बाहेर पाठवायचा कसा? रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, म्हणजे इथे किमान दोघांची नावं लागतील. शिक्षण आणि उपचार सोडून बाकी बहुतेक कारणांसाठी १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पासष्ट लाखांच्या आसपास रक्कम अडकून पडेल. ती कुठून येणार? कारखान्याच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून. म्हणजे सुताच्या पैशातून. तुमच्या सीएने हे बाबांना सांगितलंय का, हे आधी विचारा. माझा अंदाज, बाबांनी त्याला विचारलंच नसेल.

आता लाउडा. निकी लाउडाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर बँकेतून कर्ज काढून सीट विकत घेतली आणि पुढे तीनदा जगज्जेता झाला, हे खरंच आहे. पण घर श्रीमंत असून घरच्यांचा विरोध होता, म्हणून त्याला बँकेत जावं लागलं. कर्ज त्याच्या नावावर, विमा त्याच्या जिवाचा, सही त्याची. त्यात कोणा बहिणीची सही नव्हती. आणि असंच कर्ज काढून जे बुडाले त्यांची चरित्रं कोणी छापत नाही, त्यामुळे बाबांना एकच गोष्ट पाठ असणार यात नवल नाही.

फॉर्म्युला वनविषयी माझं मत स्पष्ट सांगते: तुमच्या भावाचं ते होणार नाही. २०२६ पासून तिथे ११ टीमच्या मिळून २२ सीट आहेत. बसायला सुपर लायसन्स लागतं आणि त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांत ४० गुण. फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांना ते ४० एकदम मिळतात, फॉर्म्युला ३ च्या विजेत्यालाही ३० च मिळतात, आणि तुमचा भाऊ अजून या दोन्हींच्या खाली आहे. २० हे वय बाहेरच्या जगात कोवळं, इथे नाही. व्हर्स्टॅपन १७ व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला होता, अँटोनेली १८ व्या. मुंबईचा जेहान दारूवाला रेड बुलच्या ज्युनियर कार्यक्रमात होता, फॉर्म्युला २ मध्ये चार मोसम चालवले, शर्यती जिंकल्या, मॅक्लारेनची गाडी टेस्टमध्ये चालवली. फॉर्म्युला वनची सीट त्यालाही मिळाली नाही.

पण इथे थांबून 'म्हणून सगळं सोड' असं मी म्हणणार नाही. फॉर्म्युला वन नाही म्हणजे ड्रायव्हर नाही, असा हिशेब फक्त प्रेक्षक करतात. नरेन कार्तिकेयनकडे बघा. २००५ मध्ये जॉर्डनमधून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. त्याचे सगळे गुण इंडियानापोलिसच्या त्या विचित्र शर्यतीतले, जिथे मिशेलिन टायरवाल्या टीमनी माघार घेतली, सहाच गाड्या धावल्या आणि हा चौथा आला. लोक अजून त्यावर विनोद करतात. पण त्यानंतर तो विल्यम्सचा टेस्ट ड्रायव्हर होता, ए१ जीपीत भारताच्या गाडीतून जिंकला, जपानमध्ये कित्येक मोसम पगारी ड्रायव्हर म्हणून काढले, आणि २०१९ मध्ये फुजीला सुपर जीटी आणि डीटीएमच्या एकत्र शर्यतीत पहिला आला. वय ४२. करुण चांढोकला २०१० मध्ये एचआरटीने १० शर्यतींनंतर बाजूला केलं, आज तो समालोचनातलं मोठं नाव आहे. बेंगळुरूचा अर्जुन मैनी फॉर्म्युला २ मध्ये अडकला, तिथून एन्ड्युरन्सकडे, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला आणि २०२१ मध्ये डीटीएममध्ये उतरला. आणि तो डी व्रीस? फॉर्म्युला वनमधून काढल्यावर टोयोटाने त्याला एन्ड्युरन्ससाठी घेतलं, आणि फॉर्म्युला ई मध्ये कोणी घेतलं माहीत आहे? आपल्या महिंद्राने.

तुमच्या भावाने खरं तर जीटी गाड्यांकडे, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांकडे बघायला हवं. एफआयए ही या खेळाची जागतिक संघटना ड्रायव्हरांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी वर्गवारी करते. ब्राँझ म्हणजे बहुतेक करून हौशी, पुष्कळदा पैसेवाला, धंदा सांभाळून गाडी चालवणारा माणूस. अनेक मालिकांत अशा हौशी माणसाला जोडीला दुसरा ड्रायव्हर घ्यावाच लागतो, आणि फॉर्म्युला गाड्यांतून आलेल्या तरुण, वेगवान सिल्व्हर ड्रायव्हरला तिथे मागणी असते. अठराव्या क्रमांकावरचा मुलगा तिथे कोणाचा तरी शिक्षक होतो. सुरुवातीला तिथेही खिशातून घालावं लागतं, ते मी लपवत नाही, पण जीटी४ ची एक-दोन दिवसांची टेस्ट आणि फॉर्म्युलाचा अख्खा मोसम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या वाटेवर निदान कधीतरी आपल्याला कोणी पैसे देईल अशी शक्यता तरी असते. त्याच्याशी हे बोलाल तेव्हा 'खालची पायरी' असा शब्द वापरू नका. ती खालची नाहीच.

बाबांचं काय, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न. तुम्ही लिहिलं नसलं तरी मी पैज लावते, तुमच्या चौकात 'सोलापूरचा सुपुत्र' असा फ्लेक्स लागून गेला आहे, हेल्मेट काखेत धरलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइझची रांग. (आपल्या गावात कुत्र्याच्या वाढदिवसाचाही लागेल, पण हा खरा होता.) शनिवारी रात्री कारखाना बंद करून सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूरला गाडी हाणणारा, रविवारी दिवसभर ट्रॅकवर उभा राहून सोमवारी पहिल्या पाळीला हजर असणारा बाप मूर्ख नसतो. त्याला आता माघार घेता येत नाही, कारण माघार घेतली तर इतकी वर्षं वाया गेली असं त्याला स्वतःलाच म्हणावं लागेल. तुमची सही नसेल तर त्याला सांगायला एक कारण मिळेल. 'पोरगी तयार नाही, बँक देत नाही' असं बाबा पार्कवर चार मित्रांत म्हणतील. म्हणू द्या. हे ऐकून घ्यावं लागण्याची भीती तुम्ही लिहिली आहे आणि ती खरी आहे, काही दिवस ऐकावं लागेल. पण शेड गेली आणि मागांवरच्या कामगारांना घरी बसवायची वेळ आली, तर ते सांगायला बाबा पुढे होणार नाहीत. पगाराचा तक्ता तुम्ही करता, म्हणजे सांगावं तुम्हालाच लागेल.

भावाशी मात्र बाबांच्या आधी, एकटीने बोला. त्याची बाजू तुमच्या पत्रात कुठेच नाही, फक्त त्याने दिलेले दाखले आहेत. वर्षभर परक्या गावात, जेवणात घरची शेंगाचटणी पुरवून खाणारा, दर पंधरवड्याला मागे राहून घरी 'ठीक झालं' एवढंच सांगणारा पोरगा रात्री सिम्युलेटरवर बसतो तेव्हा काय विचार करतो, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. 'अजून एक वर्ष' हे त्याला हवं आहे, की घरचा एवढा पैसा गेल्यावर दुसरं काही म्हणायची त्याला लाज वाटते? मला दुसरंच जास्त संभवनीय वाटतं, पण मी त्याला पाहिलेलं नाही. तक्ता त्याच्यासमोर ठेवा आणि वाचायला त्यालाच सांगा. ड्रायव्हरला दशांश स्थळं तुमच्यापेक्षा चांगली कळतात. त्याने स्वतः 'इथे मी कमी पडलो' असं बोट ठेवलं, तर बाबांना सांगायचं कामही तोच करेल. आणि फरक खरोखर घटलेला निघाला, तर त्याला म्हणा, ठीक आहे, तूच प्रायोजक शोध, तुझ्या नावावर. सोलापूर, पुणे, कोल्हापूर पालथं घाल. घरातून ठरावीक रक्कम मिळेल, आणि ती किती हे आपण तिघं मिळून आधी लिहून ठेवू. शेड त्यात नाही.

राहिली तुमची एफडी. तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत, मी उरकणार नाही. पैसे फर्ममधून गेले असतील तर पुस्तकात तुमच्या नावाने कर्ज म्हणून नोंद करा, बाबांनी परस्पर वापरले असतील तर त्यांच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या. तारीख, रक्कम, परत कधी. लग्न करा न करा, तो वेगळा विषय. यात भांडण नाही. दुसऱ्या कोणाची उधारी तुम्ही अशी बिननोंदीची ठेवली असती का?

टीमला नकार कळवण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर मागून घ्या: गेल्या मोसमाचा भावाचा सगळा टेलिमेट्री डेटा (गाडीतल्या सेन्सरांची नोंद), आणि मोडतोडीचं कोणतंही बिल बाकी नाही असं पत्र. डेटा जीटी टीमला दाखवायला लागेल. दोन्ही हातात पडेपर्यंत सीट नको आहे हे कळू देऊ नका. गिऱ्हाईक तुटलं की कोणाचा सूर कसा बदलतो, ते धंद्यात तुम्ही पाहिलंच असेल.